नामफलकाच्या सुरक्षेसाठी

स्कूटरमधलं पेट्रोल चोरीला जातंय, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"चोरून कोण नेतंय? पीत असेल तीच. म्हातारी झाली, विकून टाका," ती म्हणाली.

म्हातारी झाली हे स्कूटरबद्दल होतं, असं मी धरून चाललो.

मी कोण हे इथे सांगायलाच हवं, नाहीतर त्या वाक्याचा घाव किती खोल गेला ते कळणार नाही. मी विमा कंपनीत दावे तपासायचो. जळालेल्या गोदामात मुळात माल नव्हताच, हे मी राखेकडे बघून सांगितलेलं आहे. मान दुखावली म्हणून गळ्यात पट्टा घालून आलेल्या माणसाला मी नुसतं "तुमचं पाकीट पडलं" म्हणायचो आणि तो खटकन मान वळवायचा. असा मी. आणि माझ्याच जिन्याखालून कुणी पेट्रोल काढून नेतं, आणि घरचे म्हणतात स्कूटर पिते!

शिवाय निवृत्त माणसाला स्कूटर म्हणजे काय, हे नोकरीवाल्यांना कळायचं नाही. घरात माझ्या सहीवाचून काही अडत नाही. भाजी कुठली, पडदे कुठले, टीव्हीवर काय, सगळं परस्पर ठरतं. जगात एकच वस्तू अशी उरली होती, की मी किल्ली फिरवल्याशिवाय ती जागची हलत नव्हती. कधीकधी किल्ली फिरवूनही हलत नसे, पण तो आमच्या दोघांतला प्रश्न होता.

"चोरी सिद्ध केली तर?" मी विचारलं.

"तर विकायचा विषय कायमचा बंद."

"आणि नाही झाली तर?"

"तर जे पहिलं गिऱ्हाईक येईल त्याला देऊन टाकायची. किंमत मी सांगणार."

परगावच्या मुलाला फोनवर साक्षीला घेतलं. तो म्हणाला, "बाबा, आईचं ऐका. मागच्या वेळी मी आलो तेव्हा तुम्ही दुभाजकाला घासली होती गाडी." आता तो दुभाजक आधी तिथे नव्हताच. रस्त्यात कुठेही दुभाजक आणून ठेवायचे आणि दिव्यांभोवती असं धुकं सोडायचं, तर माणसाने चालवायचं कसं? पण मुलांना हल्ली सार्वजनिक कामांचा दर्जा दिसत नाही, बापाचं वय तेवढं दिसतं.

बातमी इमारतभर झाली आणि सल्ल्यांना ऊत आला. सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, टाकीला कुलूप लावा. लावलं. दोन किल्ल्या मिळाल्या, त्यातली एक माझ्याकडे ठेवली, दुसरी घरात कुठेतरी हरवली. कुलूप शाबूत राहिलं आणि पेट्रोल जातच राहिलं. म्हणजे चोर सराईत होता. मला त्याच्याबद्दल थोडा आदरच वाटायला लागला.

तळमजल्यावर इतिहासाचे सर राहतात. ते म्हणाले, "टाकीत पाणी घाला. चोराची गाडी भर रस्त्यात बंद पडेल, ती ओळखायची." कल्पना झकास होती. ही त्या दिवशी बहिणीकडे गेली होती, त्यामुळे घरात कुणाला सांगण्याचा प्रश्न नव्हता. घातलं पाणी. संध्याकाळी एक गाडी खरोखरच भर चौकात बंद पडली. मी तिच्यावर बसलेलो होतो. नेमका त्याच दिवशी चोर आला नव्हता. तपासनीस म्हणून या योगायोगाची मी दखल घ्यायला हवी होती, पण मागचे लोक इतके हॉर्न वाजवत होते की विचारच करता आला नाही.

शेवटी मी म्हटलं, एक कॅमेराच आणून लावतो. हे ऐकून अध्यक्षांना धक्का बसला.

"स्वतःच्या पैशाने?" त्यांनी आजूबाजूला बघत विचारलं. "अहो, मग भाऊंचा निधी कशाला असतो?"

भाऊ म्हणजे आमच्या भागातून निवडून गेलेले. लोकांच्या सोयीसाठी त्यांना सरकारकडून निधी मिळतो, आणि तो त्यांनी खिशातून काढून दिला अशा चेहऱ्याने ते वाटतात. त्यांच्या विरोधात ताई आहेत. ताई मागच्या वेळी निवडून आल्या होत्या, तेव्हा तो निधी त्यांचा असे. निधी तोच, चेहरा बदलतो.

भाऊंच्या पक्ष कार्यालयात मी गेलो. भाऊ फोनवर कुणालातरी झापत होते. मला बघून त्यांनी तोच आवाज एकदम मऊ केला आणि म्हणाले, "काका, कॅमेरा लागला समजा! आमचा माळी येईल, त्याला माहिती द्या."

माळी दुसऱ्याच दिवशी आला. मध्यम वयाचा, हसऱ्या तोंडाचा, हातात टॅब. हा भाऊंचा मेव्हणा. सरकारी उद्यानाच्या खर्चातून त्याला माळी म्हणून पगार मिळतो. आमच्या भागात उद्यान नाही. पण माळी आहे, उद्या उद्यान आलं तर धावपळ नको. तोवर तो पक्षाचं कॉम्प्युटरचं काम बघतो. त्याने घरोघरी जाऊन नाव, फोन, जन्मतारीख, मागच्या वेळी मत कुणाला, गुडघे दुखतात का, असं सगळं विचारलं.

"कॅमेऱ्याला माझा रक्तगट कशाला हवा?" मी विचारलं.

"सिस्टीम मागते, काका," माळी म्हणाला.

बाकी कुणाला काही वाटलं नाही. सरांनी तर आपल्या पोटाच्या तक्रारी पहिल्यापासून सनावळीसकट सांगितल्या. माळीही बिचारा मान डोलावत लिहून घेत होता. सरांचं इतकं कुणी घरात ऐकलं नसावं.

त्या आठवड्यापासून आमचे फोन वाजायला लागले. मला गुडघ्याच्या तेलाचे, अध्यक्षांना केस उगवण्याचे, सरांना पोटाच्या चूर्णाचे. अध्यक्षांच्या बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, त्याही खऱ्या वयासकट आणि स्पीकरवर. अध्यक्षांनी संसारात प्रथमच ते वय ऐकलं. दोन दिवस त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

कॅमेरा लागला. भाऊंनी फीत कापली. सोबत एक भला मोठा निळा फलकही लागला: "सदर कॅमेरा भाऊंच्या निधीतून", आणि शेजारी नमस्कार करणारे भाऊ. सगळं झाल्यावर मी वर बघितलं. कॅमेरा भिंतीवरून थेट त्या फलकाकडे बघत होता. फाटक, जिना, गाड्या, सगळ्यांकडे त्याची पाठ.

"अहो, तो जरा इकडे वळवा," मी म्हटलं.

"वळवता येणार नाही," बसवणारा म्हणाला. "मंजुरीत नाही."

म्हणून मी विभाग कार्यालयात गेलो. तिथले लिपिक फार सज्जन. त्यांनी मला खुर्ची दिली, पंख्याचं बटण दाबलं, पंखा लागला नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि मग शांतपणे समजावलं.

"हे बघा, सार्वजनिक निधी खाजगी इमारतीला वापरता येत नाही. तुमची इमारत खाजगी. स्कूटर तर अगदीच खाजगी."

"मग कॅमेरा कसा मंजूर झाला?"

"सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणासाठी."

"आमच्याकडे सार्वजनिक मालमत्ता कुठली?"

"फलक," ते म्हणाले. "तो निधीतून झालाय ना? म्हणजे सार्वजनिक. कॅमेरा त्या फलकाच्या सुरक्षेसाठी आहे."

"आणि फलकावर काय लिहिलंय?"

"कॅमेरा निधीतून दिलाय, असं."

मी तपासनिसाच्या नजरेने त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. आयुष्यभर मी खोटे दावे बघितले, पण इतका गोल, कुठेही सांधा नसलेला दावा माझ्या बघण्यात नव्हता. नोकरीत असतो तर मीही तो मंजूर केला असता.

घरी येता येता मला सुचलं. कॅमेरा स्कूटरकडे वळत नाही ना, मग स्कूटर कॅमेऱ्याकडे वळवू! जिन्याखालून काढून मी ती बरोबर फलकाखाली लावली, भाऊंच्या नमस्काराच्या अगदी खाली. बायकोला हे मुद्दाम सांगितलं नाही. तपासाचा पहिला नियम, घरात बोलायचं नाही.

पुढे ताईंचा पक्ष जागा झाला. भाऊंचा फलक आहे तिथे ताईंचा का नाही? त्यांच्या एका वरच्या नेत्याच्या निधीतून बाक आला. बाकावर फलक, आणि फलकाच्या सुरक्षेसाठी कॅमेरा. तो लावताना भाऊंचा फलक थोडा झाकला गेला. लगेच भाऊंकडून दुसरा कॅमेरा आला, ताईंच्या कॅमेऱ्यावर नजर ठेवायला. मग ताईंचाही दुसरा आला. आमच्या फाटकात चार कॅमेरे एकमेकांकडे डोळे वटारून बघत उभे राहिले. त्याच आठवड्यात सरांची सायकल गेली. ती कुठल्याच कॅमेऱ्यात नव्हती. सर म्हणाले, "इतिहासात असं फार वेळा झालंय." कधी झालंय ते मात्र सांगेनात.

पेट्रोल जातच होतं. आता मात्र चोर कॅमेऱ्यात आलाच असणार. मी खुशीत भाऊंच्या पक्ष कार्यालयात गेलो. माळी मोठ्या पडद्यासमोर बसला होता. पडद्यावर भाऊंचा फलक आणि फलकाखाली माझी लाडकी स्कूटर.

"माळीबुवा, दुपारचं जरा दाखवा बघू. चोर दुपारीच येतो. मी झोपतो तेव्हा."

माळ्याचा हसरा चेहरा एकदम आक्रसला. "नाही दाखवता येणार, काका. डेटा सुरक्षेचा नियम आहे."

"अहो, स्कूटर माझी, इमारत माझी!"

"पण डेटा पक्षाचा."

हे मला नवीनच होतं. तेलवाल्याला मिळतो, चूर्णवाल्याला मिळतो, केसवाल्याला मिळतो. डेटा इतका सुरक्षित, की फक्त ज्याचा आहे त्यालाच मिळत नाही. माझ्यातला तपासनीस खडबडून जागा झाला. घरी येऊन मी विभाग कार्यालयाला लांबलचक तक्रार लिहिली. सार्वजनिक निधीतले कॅमेरे पक्षाच्या कार्यालयात का जोडलेत, उद्यान नसताना माळी कसा, लोकांची माहिती बाजारात कशी जाते, आणि पक्षाच्या जनरेटरची बिलं उद्यानाच्या खर्चात का लागतात. हे शेवटचं मला त्या सज्जन लिपिकांनी पंखा दुरुस्त होईपर्यंत गप्पांत सांगितलं होतं.

तक्रारीची बातमी ताईंना माझ्या आधी कळली असावी. दुसऱ्या दिवशी चौकात माझा फोटो लागला, माझ्याएवढाच मोठा. "भ्रष्टाचाराविरुद्ध लढणारे आमचे काका!" शेजारी ताई. मला कुणी विचारलं नव्हतं. आणि फोटो कुठला? मी भाऊंच्या फलकाखाली स्कूटरपाशी उभा राहून तोंडभर जांभई देतोय, तो! खाली लिहिलं होतं, "सिंहगर्जना". अध्यक्ष म्हणाले, "दात छान आलेत हो." मी घरी येऊन आधी आरशात बघितलं.

पण त्या फोटोत एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. तो काढलेला होता भाऊंच्या कॅमेऱ्यातून. म्हणजे भाऊंचा डेटा ताईंकडेही जात होता. माळी दोन्हीकडे पाणी घालत होता. चला, कुठेतरी बागकाम चालू होतं तर!

विभाग कार्यालयाने चौकशी लावली. रविवारी सकाळी, आमच्याच इमारतीच्या आवारात, अधिकारी येणार, दोन्ही पक्ष येणार, रहिवासी येणार. आदल्या संध्याकाळी भाऊंचा फोन आला. "काका, चहाला या. एकटे या."

भाऊंनी चहा दिला. दार लावलं. मग आपला फोन माझ्यापुढे धरला. "तुम्हाला चोर बघायचा होता ना?"

मी फोन लांब धरला, मग जवळ धरला, मग चष्मा पुसला. दुपारचं आवार. कुणी नाही. मग स्कूटरपाशी एक बाई आली, घरातल्या गाऊनवर. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. किल्लीने टाकीचं कुलूप काढलं. कुंड्यांना पाणी घालायची नळी टाकीत सोडली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं, तोंड वाकडं केलं, बाजूला थुंकली आणि नळी बाटलीत घातली. शेवटी खिशातून रुमाल काढून तिने स्कूटरची सीट पुसली. नीट, कडेकडेने. मग सीटवर हात फिरवला आणि आत गेली.

आमची ही. अडतीस वर्षांची माझी बायको.

म्हणजे लग्नाला अडतीस वर्षं झालेली. तिचं खरं वय मी इथे लिहीत नाही, ते हवं असेल तर माळ्याकडे आहे.

"घरची गोष्ट घरात राहिलेली बरी, नाही का काका?" भाऊ मऊ आवाजात म्हणाले. "तुम्ही उद्या उभं राहून म्हणा, तक्रार गैरसमजातून केली. नाहीतर सभेत पडदा आहेच. सगळे बघतील."

घरी कसा आलो ते आठवत नाही. चालत आलो एवढं खरं. मला चोरी सापडली होती, पैज मी जिंकलो होतो, आणि आनंद मात्र कुठेच नव्हता. का केलं असेल हिने? मला स्कूटरचं सोडा, त्या नळीचं वाईट वाटत होतं. पेट्रोल तोंडात गेलं की काय होतं, मला ठाऊक आहे. आणि उद्या ते सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे मोठ्या पडद्यावर? अध्यक्ष, त्यांची बायको, सर, सगळे खुर्च्या टाकून बघणार? छे! तक्रार गेली चुलीत.

"काय झालं?" हिने विचारलं.

"काही नाही."

"जेवला नाहीत नीट."

"भूक नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. ही मला बघते तेव्हा काही लपत नाही. तिने माझं ताट उचललं.

सकाळी आवारात खुर्च्या मांडल्या. ताईंच्या बाकावर ताईंचे लोक, भाऊंच्या फलकाखाली भाऊंचे. मधे टेबलाशी चौकशी अधिकारी, समोर बिलांची फाईल. एका बाजूला पांढरा पडदा, शेजारी माळी, आणि माळ्याच्या कपाळाला घाम. चारही कॅमेरे आज पहिल्यांदाच माणसांकडे वळवलेले होते.

"तक्रारदारांनी बोलावं," अधिकारी म्हणाले.

मी उभा राहिलो. ताईंच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण "सिंहगर्जना!" असं ओरडला.

"मला इतकंच सांगायचंय," मी म्हणालो, "की माझी तक्रार गैरसमजातून..."

"थांबा," मागून आवाज आला.

ही उठली होती. मी हाताने खुणा केल्या, खाली बस, खाली बस. तिने लक्ष दिलं नाही. असं ती कधीच देत नाही, पण चारचौघांत निदान तसं दाखवते.

"साहेब, यांच्या स्कूटरमधलं पेट्रोल मी काढते," ती अधिकाऱ्यांना म्हणाली. "या भाऊंनी यांना काल काहीतरी दाखवलंय, म्हणून हे रात्रभर छताकडे बघत पडले होते. काय दाखवलं असेल ते मला कळलं. तेच इथे लावणार होतात ना, भाऊ? लावा."

अध्यक्षांच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. भाऊंनी माळ्याला डोळ्यांनी खूण केली, माळ्याने ती बघितलीच नाही.

"लावा की," ही म्हणाली. "पण सगळं लावा. पुढचंही. मी बाटल्या भरून वर नेल्या, त्या ओट्याखाली ठेवायची मला भीती वाटायला लागली. तेवढ्यात हे माळीभाऊजी आले. म्हणाले, वहिनी, कॅमेऱ्यात दिसतंय. मी म्हटलं, दिसतंय ना, मग तुम्हीच घेऊन जा. तेव्हापासून दर खेपेला स्कूटरपाशीच कॅन घेऊन येतात आणि भरून घेऊन जातात. पक्षाच्या जनरेटरला घालतो म्हणाले. मला वाटलं, चला, फुकट जात नाही."

अधिकाऱ्यांनी फाईलमधली एकदोन पानं उलटली. "जनरेटरचं पेट्रोल," ते वाचत म्हणाले, "उद्यान खर्च. दर आठवड्याला रोखीने खरेदी. पावतीवर माळी यांची सही." त्यांनी वर बघितलं. "यातलं किती विकत घेतलं, माळी?"

माळी पडद्याच्या आड गेला. सगळा गेला नाही, पाय दिसत होते.

"माळी," अधिकारी म्हणाले, "संपूर्ण फुटेज लावा."

तेव्हा भाऊ उभे राहिले. त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता, की पुढच्या रांगेलाच ऐकू आला. "पुढचा भाग... डेटा सुरक्षेच्या कारणास्तव दाखवता येणार नाही."

आधी सर हसले. मग अध्यक्ष. मग कोण हसत नव्हतं ते सांगणं सोपं. ताई उभ्या राहून मोठमोठ्याने घोषणा देणार, तोच मी पुढे झालो. "आणि ताई, माझ्या जांभईचा फोटो भाऊंच्या कॅमेऱ्यातला तुमच्याकडे कसा आला, तेही साहेबांना सांगा." ताई खाली बसल्या. बाक त्यांचाच होता.

त्यानंतर फार झटपट झालं. दुसऱ्या दिवशी चारही कॅमेरे "दुरुस्तीसाठी" उतरवले गेले. फलक तसेच आहेत. लिपिक म्हणाले, फलकांची सुरक्षा आता वाऱ्यावर, पण नवीन प्रस्ताव येतोय. माळ्याला काढून टाकलं आणि तो ताईंकडे पूर्णवेळ लागला. दोन्ही पक्षांची माणसं हिला तिकीट द्यायला घरी येऊन गेली. हिने दोघांनाही चहा दिला आणि दोघांनाही जनरेटर कशावर चालवता ते विचारलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी सभा संपल्यावर आम्ही दोघं वर आलो, तेव्हा मी खुर्चीत बसलो आणि ही ओट्याशी उभी राहिली.

"का ग?" मी विचारलं.

तिने ओट्यावरचं फडकं उचललं. मग म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी विजेच्या खांबाला हात जोडलेत."

"मला वाटलं सर उभे आहेत."

"तेच तर. दुभाजकाला घासलीत. दिव्यांभोवती धुकं दिसतं म्हणता. मला नाही हो दिसत धुकं. कुणालाच नाही दिसत. डोळे दाखवा म्हटलं, तर तुम्ही चष्मा पुसत बसता. विका म्हटलं, तर तुमचं तोंड एवढंसं होतं." तिने कोरडाच ओटा पुसला. "टाकी रिकामी असली की तुम्ही चिडता, ओरडता, सगळ्या इमारतीला वेठीला धरता. पण घरात असता."

आयुष्यभर मी लोकांचे दावे तपासले. माझ्यासाठी कुणी दुपारची झोप मोडून पेट्रोल तोंडात घेतंय, हे मला राखेत दिसलं नाही, कुलपात दिसलं नाही, पाण्यातही दिसलं नाही.

"पैज मी जिंकलो," मी म्हणालो. "चोरी सिद्ध झाली. स्कूटर राहणार."

"राहणार," ती म्हणाली. तिने हातातलं फडकं घट्ट धरलं होतं.

मी खिशातून दोन्ही किल्ल्या काढल्या, स्कूटरची आणि टाकीची, आणि तिच्या हातात दिल्या. "डोळ्यांचं झाल्यावर परत दे. नळी मात्र टाकून दे ती, कुंड्यांतली झाडंही जळाली असतील."

ती हसली आणि मग डोळ्याला फडकं लावलं. कांदा चिरत नव्हती, तरी.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, रिक्षाने. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, आणि डॉक्टरांच्या मते मी इतके दिवस चालवत होतो हाच चमत्कार. शस्त्रक्रियेचा दिवस उद्या कळवतो म्हणाले. घरी येऊन मी चपला काढतोय तोच फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"आदरणीय काका," ध्वनिमुद्रित भाऊ म्हणाले, "येत्या गुरुवारी होणाऱ्या आपल्या डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्या पक्षाकडून हार्दिक शुभेच्छा."

"डॉक्टर तर उद्या सांगणार होते ना?" ही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. गुरुवार. डावा डोळा.

तो ठेवतोय तोच पुन्हा वाजला. आता ताई होत्या. "लढवय्ये काका, आपण स्कूटरची किल्ली काकूंना दिलीत, याबद्दल अभिनंदन. काकूंना आता दुपारी निवांत झोपता येईल, याचा आमच्या पक्षाला मनापासून आनंद आहे."

मी उठून खिडकी लावली. हिने पडदा ओढला. मग आम्ही दोघंही आडवे झालो, आणि बऱ्याच दिवसांनी तिला माझ्याआधी झोप लागली.